कृष्णेवरील नावेचा मक्ता : हक्क कोणाचा, आणि नाव बंद कशामुळे पडली?

कृष्णाकाठ_41
आमचे गाव पलूस तालुक्यात, नदीला लागूनच आहे. आजोबांच्या पेटीत मोडीतील एक कागद सापडला. तो जाणकाराकडून वाचून घेतला, तेव्हा त्यात ‘नावेचा मक्ता’ असे शब्द आणि वर्षाची रक्कम आढळली. घरात मात्र आजवर असेच ऐकत आलो की, नाव आंबी मंडळींची, म्हणजे गावच्या नावाड्यांची, होती आणि त्यांना त्याबद्दल गावाकडून बलुते मिळत असे. एकाच नावेचा मक्ताही आणि बलुतेही, हे कसे? शिवाय पूल होण्याच्या कितीतरी आधीच नाव थांबली होती, असे वडील सांगतात. मग ती कशामुळे थांबली असावी?

जुने_दप्तर
दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सातारचे राज्य 1848 मध्ये खालसा झाले आणि पुढे 1868 मध्ये मुंबई इलाख्यासाठी नावांचा कायदा झाला, ज्यात सरकारने एखादा उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची जागा, सार्वजनिक ठरवावा आणि तेथील उताराच्या पैशांची वसुली मक्त्याने द्यावी, अशी सोय होती. मक्ता वसुलीचा आणि बलुते श्रमाचे, असा हा फरक आहे. मक्ता पैसेवाल्याने घ्यावा आणि वल्हे मात्र आंबी मंडळींच्याच हाती राहावे, यात अवघड काहीच नव्हते.

कागदावर तालुका कोणता लिहिला आहे, हे आधी पाहा. पलूस तालुका अगदी अलीकडचा आहे. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले, त्यामुळे तुमचे दप्तर सातारच्या नावाखाली असण्याचा संभव अधिक. त्यातही आज पलूस तालुक्यात असलेले कुंडल औंध संस्थानात आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानात होती, म्हणून शिक्का कोणाचा आहे हे तपासल्याशिवाय शोधाला दिशा मिळणार नाही.

पैलतीर
माझे आजोळ नावाड्यांचे, म्हणून बलुत्याविषयी लिहितो. ज्यांची शेती पैलतीराला होती त्यांच्याकडून सुगीला धान्य मिळायचे आणि मग वर्षभर त्यांच्या घरचे माणूस, वैरणीचा भारा, शेळी, सगळे नावेतून जायचे. परगावच्या पाहुण्याला मात्र रोख पैसे पडायचे. लग्नाचे वऱ्हाड आले तर नारळ आणि वर काही खुशी.

लोकांना वाटते की नाव सरळ या काठावरून त्या काठावर जाते. उन्हाळ्यात जातेही, कारण लांब बांबू तळाला टेकवून रेटता येते. पावसाळ्यात गढूळ पाणी चढले की बांबू तळाला पोहोचत नाही, आणि मग दोघे-तिघे चिखलातून दोर ओढत रिकामी नाव काठाकाठाने बरीच वर नेत. तेथे माणसे चढवायची, नाव धारेत सोडायची आणि वल्ह्याने तिचे तोंड तिरके धरून ठेवायचे, म्हणजे पाणीच तिला खाली ढकलत ढकलत समोरच्या उताराला लावते. अंदाज चुकला तर नाव उताराच्या खाली बाभळींत जाऊन अडकायची आणि पुन्हा ओढणे आले. माझे मामा वर किती जायचे हे काठावरच्या एका दगडाला पाणी कुठवर लागले आहे ते पाहून ठरवत. आज पूर आला की सारा जिल्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी, ‘आयर्विनला किती फूट?’, विचारतो, मामांचा आयर्विन म्हणजे तो दगड.

नाव नसेल तेथे गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारेही होते. हे ऐकून शहरातले हसतात, पण कढईसारखी ती काहील चांगली तरंगते. फक्त आत कोणी उभे राहायचे नाही.

बंधाऱ्यावरचा
नाव थांबण्याचे कारण बहुधा बंधारा. सांगलीसारख्या ठिकाणी 1929 मध्ये आयर्विन पूल झाला आणि सांगलवाडीकडे जाण्या-येण्याचे स्वरूपच बदलले, पण गावोगावी असे पूल लगेच झाले नाहीत. तेथे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले, बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवले गेले आणि वरून माणसे, सायकली, पुढे मोटारसायकली जाऊ लागल्या. बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, त्यामुळे नावेची गरज चार महिन्यांची उरली, आणि चार महिन्यांसाठी वर्षभराचे धान्य कोण देणार? बलुते आधी आटले, नाव मागाहून कुजली. तुमच्या वडिलांची आठवण मला तरी बरोबर वाटते. जवळचा बंधारा कोणत्या वर्षी झाला ते विचारा, उत्तर तेथेच मिळेल.

कृष्णाकाठ_41
सर्वांचा आभारी आहे. कागद पुन्हा पाहिला. तालुका तासगाव असाच आहे. मागील बाजूस फिकट शाईत एक ओळ आहे, जिच्याकडे आम्ही दुर्लक्ष केले होते : ‘पाणी चढल्यावर दर दुप्पट.’ पैलतीर यांचे दोर ओढण्याचे वर्णन वाचल्यावर तो दुप्पट दर कशाचा होता, हे वडिलांनीच मला समजावून सांगितले. बंधाऱ्याचे वर्ष ते उद्या चावडीवर विचारणार आहेत.