मदत हवी आहे: शिक्षक बैठकीतले ठराव व्यवस्थापनापर्यंत पोहोचत नाहीत

आमच्या शाळेत शिक्षकांची बैठक दर शनिवारी होते, व्यवस्थापन समितीची महिन्यातून एकदा. दोन्हीकडे हजर असतात ते फक्त मुख्याध्यापक. त्यामुळे बदली तासांच्या वाटणीसारखा विषय सलग तीन बैठकांत चघळला गेला, निर्णय शून्य. इतिवृत्त मी लिहिते. हल्ली प्रत्येक ठरावापुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदतही टाकते, पण ते वाचायला वेळच उरत नाही, निम्मी बैठक सूचना वाचण्यात जाते (त्या फलकावर लावल्या तरी चालतील!). 45 मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. मागील ठरावांचा आढावा सुरुवातीलाच घेऊन तोच कागद समितीच्या विषयपत्रिकेला जोडणं कुणी करून पाहिलंय का? आणि मुख्याध्यापकांना डावलल्यासारखं न वाटता हे सुचवायचं कसं?