तिजोरी त्यांचीच मोठी, पण आपणही गरीब नव्हे

‘उद्याचा मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना म्हणजे पर्ससीन जाळ्यापुढे आमची रापण, निकाल ठरलेलाच,’ हे इंग्लिश फुटबॉलमधील आपल्या आर्सेनल क्लबच्या एका समर्थकाचे मत मालवणात बसून वाचताना हसू आले. (पर्ससीन म्हणजे यांत्रिक बोटींचे भलेमोठे जाळे, रापण म्हणजे किनाऱ्यावरून हातांनी ओढायचे पारंपरिक जाळे.) उपमा चपखल आहे, पण तिच्यात आपण आर्सेनलवाल्यांनी स्वतःला फारच गरीब ठरवून टाकले आहे.

२००८ मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या समूहाने सिटी विकत घेतल्यानंतरचा सल माझ्याही मनात आहे. नव्या मैदानाचे कर्ज फेडत असताना आपण २००९ मध्ये आदेबायोर आणि कोलो तुरे, तर २०११ मध्ये क्लिशी आणि नासरी हे खेळाडू त्यांनाच विकले, आणि २०१२ च्या मे महिन्यात त्यांनी प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल साखळी स्पर्धा जिंकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने त्यांच्यावर आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले; क्लबने ते नाकारले.

मात्र १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी १०,८९० पौंड मोजून एका खेळाडूसाठी दहा हजारांचा टप्पा प्रथम ओलांडणारा क्लब आर्सेनलच होता, आणि २०२३ मध्ये डेक्लन राइससाठी १० कोटी पौंडांच्या पुढे गेलो तेही आपणच, सिटी नव्हे. (तेव्हा आपल्यापैकी कोणाला रापण आठवली नव्हती.)

उलट सिटीच्या ज्या हालांड या आघाडीवीराची उद्या सर्वाधिक धास्ती आहे, त्याच्या आधीच्या करारातील ठरावीक रकमेत क्लब सोडू देणाऱ्या कलमामुळे सिटीला हस्तांतरणासाठी राइसच्या जवळपास निम्मीच रक्कम मोजावी लागली. त्याला गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू मिळू न देणे हे आपले बचावपटू सलिबा आणि गाब्रिएल यांचे काम आहे. त्याचा हिशेब पौंडांत होत नाही.