गाडीच्या ब्रेक डिस्कला गंज चढलाय, बदलायची का?

खाडीकाठ: गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. पावसात आठ-दहा दिवस हलली नाही की पुढच्या डिस्क नारिंगी होतात, ब्रेकला खरखर येते. मागची चाकं 'कट्ट' करून सुटतात. गॅरेजवाला म्हणतो डिस्क बदला. खरंच गरज आहे?

पाना१०नंबर: थांबा. डिस्क बिडाची असते, खाऱ्या हवेत रात्रीत तांबूस होते. मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात आठ-दहा वेळा हलके ब्रेक लावा, डिस्कवर दाबलं जाणारं ब्रेक पॅडच तो थर खरवडतं. त्यानंतरही खड्डे दिसले, किंवा डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याखाली गेली, तरच बदला. गंजावर डिझेल किंवा कसला स्प्रे मारू नका, पॅड तेल पितं आणि वाया जातं.

मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील तर 'कट्ट' म्हणजे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटलेत. हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये लावा, चाकाला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे तुकडे द्या.

घाटउतार: खरा गंज डिस्कवर नसतो, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिनांवर असतो; कॅलिपर या पिनांवरच मागेपुढे सरकतो. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टन फक्त आतलं पॅड दाबतो आणि तेच आधी संपतं. बाहेरून बघणाऱ्याला पॅड ठीकच दिसतं! म्हणून चाक काढून आतलं पॅड बघायला सांगा. नवं असताना पॅडचा घासणारा मसाला साधारण १० मिमी, ३ मिमीपर्यंत आला की जोडी बदला. पिन हाताने सरकली पाहिजे. दरवर्षी मे महिन्यात पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नको, पिनेवरचं रबराचं बूट (टोपण) फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काम करताना कॅलिपर ब्रेक ऑइलच्या नळीवर (होजवर) लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने बांधायला लावा.

खाडीकाठ: ब्रेक ऑइल कमी दिसतंय. भरू?

घाटउतार: आधी पॅड बघा. पॅड झिजलं की पातळी उतरतेच. आत्ता भरलंत तर नवे पॅड बसवताना सांडेल आणि रंग खाईल. पॅड जाड असून पातळी उतरली असेल तर गळती शोधा. ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दोन वर्षांनी पूर्ण बदला. नाहीतर कुंभार्ली घाट उतरताना ते उकळतं, पेडल मऊ पडतं. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा.

पाना१०नंबर: वाळूत गाडी नेलीत तर चाकं आतून गोड्या पाण्याने धुवा. डिस्क तापलेली असताना नको. धुतल्यावर लगेच उभी करू नका, दोन-चार ब्रेक मारून डिस्क वाळवा, मग लावा.