पेटीचा आवाज मिक्सरपर्यंत येईतो मरतोय, वर हमिंग

पेटीवाला, मंगळवार पेठ:
नवरात्रात आमच्या मंडळाचं भजन आहे. मिक्सर हॉलच्या मागच्या टोकाला, स्टेजपासून 30 मीटर. पेटीला पिझो पिकअप (कंपनाचा सिग्नल करणारी चकती) चिकटवलाय, मोनो जॅकची वायर जोडत मागं नेलीय. पेटी बारीक, पत्र्यासारखी वाजते. गेन वाढवला की घूंऽऽ. तानपुऱ्याच्या लॅपटॉपलाही हमिंग, पण चार्जर काढला की गप्प. भारी वायर घेऊ का?

लाइटवाला, शाहूपुरी:
चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका, लगेच जाईल.

साउंडवाला, राजारामपुरी:
दादा, हात जोडतो, हे कुणाला सांगू नका. चार्जर बिघडला तर करंटला जायला तीच वाट असते. पिन काढली की लॅपटॉप हाताळणारा पोरगा त्या वाटेत येतो.

पेटीवाले, तुमची दुखणी दोन आहेत. लॅपटॉपला स्टेजच्या बोर्डाचं अर्थिंग, मिक्सरला मागच्या. वायरच्या शील्डनं (आतल्या तारेभोवतीच्या जाळीनं) दोन्ही जोडली गेली की ग्राउंड लूप होतो आणि 50 हर्ट्झ आवाजात शिरतो. लॅपटॉपजवळ ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरपर्यंत लांब नेण्याजोगा करणारी डबी) लावा, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, म्हणजे शील्डचा तो जोड तुटतो.

पेटीचं वेगळं. पिझो म्हणजे स्वतःच छोटा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग), आणि लांब वायरही तशीच वागते. मोनो वायरला मीटरमागं साधारण 100 पिकोफॅरड (कपॅसिटरचं माप) धरा, 30 मीटरला 3000. आवाज तिथंच खाल्ला जातो. शिवाय पिझोला समोर 10 लाख ओहमच्या घरातला अडथळा असलेलं इनपुट लागतं. मिक्सरच्या लाइन इनपुटला 10 हजारच्या आसपास असतं, म्हणून खर्ज जातो आणि पत्रा उरतो. भारी वायरनं यातलं काही सुटणार नाही, पैसे घालू नका. पेटीशेजारीच अ‍ॅक्टिव्ह डीआय ठेवा, पिकअपची वायर हातभर, तिथून पुढं एक्सएलआर (तीन पिनांची वायर). त्यात 2 आणि 3 नंबरच्या पिनवर सिग्नल उलटसुलट जातो, मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, वाटेत दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट कटतो. 30 मीटर त्याला काहीच नाही. या डीआयला वीज लागते, म्हणून मिक्सरवर 48 व्होल्ट फँटम (त्याच वायरीतून जाणारी वीज) चालू करा. त्याआधी एक्सएलआरचं टोपण उघडून 1 नंबरला शील्डची जाळी नीट डाग दिलेली आहे का बघा; तयार वायरीतही ती कधीकधी नुसती टेकलेली असते.

पेटीवाला, मंगळवार पेठ:
दोन्ही डीआय भाड्यानं बघतो. पण लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरची वायर त्याच भिंतीनं गेलीय.

साउंडवाला, राजारामपुरी:
मग एक्सएलआर समोरच्या भिंतीनं न्या. ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा, शेजारी शेजारी पळवू नका. उरलेल्या वायरचं वेटोळं डिमरजवळ टाकू नका.