राऊटर बदलायचा की भिंत फोडायची? (वायफाय 4, 5, 6, 7 वरून)

लॅमिंग्टनवाला:
काल इथे एका काकांनी लिहिलं, "वायफायचे हे आकडे कंपन्यांनी राऊटर खपवायला काढलेत, माझा 11एन वाला (म्हणजे वायफाय 4) 2012 पासून चालतोय, नादी लागू नका." खाली अनुमोदनांची रांग. डोकं तापलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

4, 5, 6 असे आकडे 2018 मध्ये दिले, कारण त्या पिढ्यांची 11एन, 11एसी, 11एएक्स ही नावं कुणाच्या लक्षात राहत नव्हती, इथपर्यंत ठीक. पण आत जे बदललंय ते मार्केटिंग नाही. 1997 ला 2 एमबीपीएस, 1999 च्या 11बी ला 11, 2003 च्या 11जी ला 54, 2009 च्या 11एन ला कागदावर 600, आणि सगळे ह्या स्पीडवरच भांडत बसतात. मुंबईत अडचण स्पीडची नाहीच, गर्दीची आहे. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ ह्या जुन्या रेडिओ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. परळच्या कुठल्याही टॉवरमध्ये फोनवर स्कॅन मारा, यादी संपत नाही. त्यातला प्रत्येक राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असं सांगतो, तेही बऱ्याचदा 1 एमबीपीएसने, 11बी च्या जमान्यातल्या उपकरणांना कळावं म्हणून. वायफायचा नियमच असा की आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. शेजारच्यांचं मंद उपकरण रेंगाळत बोलत असेल तर तेवढा वेळ तुमचा फोन गप्प. वायफाय 6 ने एकाच चॅनलचे बारीक तुकडे पाडून एकाच वेळी अनेक उपकरणांना द्यायची सोय केली, ती ह्याच गर्दीसाठी.

शिवाजीपार्क_काका:
ते काका मीच. तुमचं सगळं ज्ञान मान्य, पण माझा टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही वायरवर आहेत, फोनला जे उरतं ते पुरतं. त्या दुसऱ्या पट्ट्याचं, 5 गिगाहर्ट्झचं, कौतुक मला सांगू नका, माझ्या स्वयंपाकघरात ते पोचत नाही आणि 2.4 पोचतं. भिंतीला स्टँडर्ड कळत नाही.

पासवर्ड_ताई:
काका, 2012 च्या राऊटरला शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. डब्ल्यूईपी, म्हणजे वायफायचं पहिलं कुलूप, 2001 मध्येच फुटलं तरी लोक वर्षानुवर्षं तेच लावून बसले होते. 2017 ला त्यानंतरच्या डब्ल्यूपीए2 कुलपात क्रॅक नावाची फट सापडली, डब्ल्यूपीए3 आलं 2018 ला. स्पीड राहू दे बाजूला, ह्या एका कारणासाठी तरी तो डबा बदला.

चाळ_ते_टॉवर:
काकांनी भिंतीचं काढलं म्हणून लिहिते. आमची दादरची चाळ पडली, टॉवर झाला, आणि सगळ्या भिंती मायवनच्या (साच्यात ओतलेल्या). म्हणजे आतलं पार्टिशनसुद्धा काँक्रीट आणि सळया. फायबर येते ती दाराजवळच्या डीबीपाशी (विजेच्या स्विचांच्या बॉक्सपाशी), राऊटर तिथेच, आणि आतल्या बेडरूमचं दार लावलं की सिग्नल गेला. माझ्या मुलीने ऑनलाइन परीक्षा पॅसेजमध्ये स्टुलावर बसून दिली, येणारा-जाणारा तिच्या पायावरून जात होता. मेश (घरभर जोडीने चालणारे राऊटर) घेतला तर दोन डबे एकमेकांशी त्याच भिंतीतून बोलणार. वायर टाकावी तर पाईप नाही, आणि भिंत खोदायला सोसायटी परवानगी देत नाही. तुमचं वायफाय 6 नाहीतर 16 घ्या, बिल्डरने एक पाईप टाकला असता तर प्रश्नच नव्हता.

स्लॅब_इंजिनियर:
साइटवर काम करतो, म्हणून बोलतो. मायवनमध्ये भिंत आणि स्लॅब एकदम ओतला जातो, पाईप त्याआधीच बांधावा लागतो, नंतर काही होत नाही. प्लॅन दाखवायला मीटिंग ठेवतो तेव्हा लोक पार्किंग आणि कार्पेट एरियावर भांडून घरी जातात. लॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या वायरचा, पाईप मागणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ह्यात बिल्डरचा काय दोष?

चाळ_ते_टॉवर:
आमच्या मीटिंगमध्ये सासूबाई होत्या, वय 74. त्यांनी लॅनचा पाईप मागायचा? टीव्हीचा आणि इंटरकॉमचा पाईप न मागता टाकता ना तुम्ही? हाही टाका. काय खर्च येतो त्याला?

घाटकोपर_7:
आणि कमिटीचं कोण बोलणार? आमच्याकडे शाफ्टमधून एकाच कंपनीची फायबर यायला परवानगी, दुसरी नकोच म्हणे. कारण विचारलं तर "बाहेरून वायरी लोंबतात, बरं दिसत नाही". आतल्या शाफ्टमधून येणारी फायबर लोंबते कशी?

स्लॅब_इंजिनियर:
ते कमिटीला विचारा, मला नाही. प्रत्येक गोष्ट बिल्डरच्या डोक्यावर मारायची सवय लागली आहे. पाईपचं मात्र बरोबर आहे, खर्च फार नाही. पण ड्रॉइंगमध्ये असल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टर बांधत नाही, त्यामुळे ड्रॉइंग फायनल व्हायच्या आधी लेखी द्या.

लॅमिंग्टनवाला:
धागा भिंतीवर गेलाच आहे तर ऐका. काँक्रीटमधून 2.4 जास्त जातं म्हणून सगळे 2.4 वर, आणि म्हणून 2.4 तुंबलेलं. आपल्याकडे 5 चा मोठा पट्टा विनापरवाना खुला झाला 2018 च्या ऑक्टोबरमध्ये. 6 गिगाहर्ट्झ अमेरिकेने 2020 मध्ये 1200 मेगाहर्ट्झ दिला, आपल्या नियमांचा मसुदाच मुळी आला 2025 च्या मे महिन्यात, तोही 500 चाच, कारण मोबाईल कंपन्यांनाही तो पट्टा हवा होता. राऊटर कितीही भारी आणा, बोलायला जागा सरकारने द्यायची असते.

शिवाजीपार्क_काका:
मग मी काय वेगळं म्हणत होतो? वायफाय 7 ची 320 मेगाहर्ट्झची रुंदी 6 गिगाहर्ट्झमध्येच मिळते, आणि दुकानात वायफाय 7 म्हणून दोनच पट्ट्यांचे (2.4 आणि 5) डबे विकतात. ही फसवणूक नाही?

लॅमिंग्टनवाला:
वायफाय 7 पुरतं तुमचं म्हणणं मान्य. दोन पट्ट्यांचा डबा 320 साठी घेऊ नका. पण त्यावरून 6 ला रद्दीत काढू नका, तुमच्या इमारतीत तुमच्या 11एन मागे रांगेत थांबणारे शेजारीही आहेत.

शिवाजीपार्क_काका:
शेजाऱ्यांनी वायर टाकावी. राऊटर बदलेन तर ताईंच्या अपडेटच्या मुद्द्यावर, तुमच्या नाही.

चाळ_ते_टॉवर:
इंजिनियर साहेब, समोरची चाळ आता रिकामी होतेय, ड्रॉइंग अजून व्हायचंय. पाईप किती जाडीचा आणि डीबीपासून कुठकुठे मागायचा ते इथेच लिहा, मी त्यांच्या सेक्रेटरींना नेऊन देते.

स्लॅब_इंजिनियर:
25 एमएमचा, डीबीपासून हॉल आणि प्रत्येक बेडरूमपर्यंत वेगवेगळा, लाइटच्या वायरसोबत नको. डीबीपाशी राऊटर मावेल एवढा बॉक्स आणि त्यात एक प्लग पॉइंट.