मदत हवी आहे: स्वतःच्या सर्व्हरवरची छोटी लिंक उघडत नाही, 404 (‘पान सापडलं नाही’) येतं

रात्रपाळी
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. युअर्ल्स (छोट्या लिंका बनवायचं सॉफ्टवेअर) बसवलं. अ‍ॅडमिन पान उघडतं, लिंक तयार होते, यादीतही दिसते. पण तीच लिंक उघडायला गेलं की 404! डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल (कुठला पत्ता कुठे न्यायचा ते सर्व्हरला सांगणारी) जागेवर आहे, तीनदा बघितली. उद्या पुस्तिका छपाईला जाणार आहे, तिच्यात अशा 40 लिंका आहेत. काय चुकतंय?

खडूफळा
युअर्ल्स सोडा, शलिंक घ्या, तेही तसंच सॉफ्टवेअर. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर तयार पेटीत चालवायचं साधन) पटकन उभं राहतं. मी दोन वर्षं वापरतोय, एकदाही हात लावावा लागला नाही.

मूळसूत्र
आदल्या रात्री घर बदलायला सांगू नका हो त्यांना. रात्रपाळी, सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाचे आहे की एनजिनएक्स? आणि हे सगळं नवीन आहे की कुठून हलवलंय?

रेघोटी
पुस्तिकाच आहे तर क्यूआर कोड छापा ना. टाइप करायची कटकटच नाही.

रात्रपाळी
क्यूआर आहेतच, त्यातही याच लिंका आहेत. सर्व्हर अपाचेच असणार, आधी तोच होता. परवाच नवीन मशीनवर हलवलं. जुन्यावर सगळं नीट चालत होतं.

मूळसूत्र
‘असणार’ नको. टर्मिनलमध्ये कर्ल -आय (सर्व्हरचं उत्तर दाखवणारी आज्ञा) लावून लिंकचा पत्ता द्या आणि ‘सर्व्हर’ची ओळ इथे लिहा.

रात्रपाळी
सर्व्हर: एनजिनएक्स. अरे देवा.

मूळसूत्र
मग झालं. डॉट-एचटीअ‍ॅक्सेस अपाचेसाठी असते, एनजिनएक्स ती वाचतच नाही. अ‍ॅडमिन ही खरोखरची फाइल आहे म्हणून उघडते. छोट्या लिंकच्या नावाची फाइल कुठेच नसते, म्हणून 404. साइटच्या कॉन्फिगमध्ये लोकेशन ब्लॉकात ट्राय_फाइल्सच्या (कुठली फाइल आधी शोधायची त्या) ओळीत शेवटचा पर्याय युअर्ल्स-लोडर डॉट पीएचपी द्या. मग एनजिनएक्स -टी करून तपासा आणि रीलोड करा.

खडूफळा
शलिंकलाही पुढे एनजिनएक्स लावता येतो, पण ही भानगड डॉकरच्या आतच मिटते.

सांजवेळ
मुळात एवढा खटाटोप कशाला? फुकटच्या सेवा आहेत की.

मूळसूत्र
छापील कागदासाठी नको. गुगलचीच छोट्या लिंकांची सेवा 2009 मध्ये आली आणि 30 मार्च 2019 पासून तिथे नवीन लिंका करणं बंद झालं. कागद त्याहून जास्त टिकतो. डोमेन स्वतःचं असलं की मागचं सॉफ्टवेअर कधीही बदलता येतं.

रात्रपाळी
चाललं!! खूप आभार. पण एक लिंक माझ्या फोनवर अजून जुन्याच पानावर जाते. अ‍ॅडमिनमध्ये पत्ता बदललाय, लॅपटॉपवर बरोबर उघडते.

पानगळ
ती लिंक पत्ता बदलण्याआधी फोनवर उघडली होतीत का? युअर्ल्स 301 पाठवतं, म्हणजे ‘कायमचं हललं’. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला विचारतही नाही. खाजगी खिडकीत उघडून बघा. 302 (‘तात्पुरतं हललं’) करायचं प्लगइन मिळतं, छपाईआधी ते लावा.

खडूफळा
301 च बरोबर आहे. सर्च इंजिनला मूळ पान कळतं.

पानगळ
सर्च इंजिन पुस्तिका वाचत नाही. पुढच्या वर्षी एखादं पान हललं तर वाचकाचा फोन त्याला जुन्याच जागी नेईल, आणि भेटींची मोजणीही चुकेल. शलिंक स्वतः मुळात 302 च देतं, बघा.

खडूफळा
ते खरं आहे. छापीलसाठी 302, मान्य.

मूळसूत्र
रात्रपाळी, कॉन्फिगमधलं यूआरएल_कन्व्हर्ट (लिंकच्या नावात किती वेगवेगळी चिन्हं वापरायची ते) 36 वर आहे की 62 वर? 62 मध्ये कॅपिटल अक्षरंही येतात. कागदावर कॅपिटल आय आणि लहान एल एकसारखेच दिसतात. 36 ची पाच अक्षरंही 6 कोटींहून जास्त लिंकांना पुरतात.

रात्रपाळी
62 वर आहे. बदलू का?

मूळसूत्र
नको! लिंका तयार असताना ते बदलायचं नसतं. त्या 40 लिंकांना हाताने सोपी, लहान अक्षरांतली नावं द्या.

रात्रपाळी
खाजगी खिडकीत बरोबर उघडली. प्लगइन लावलं, कर्लमध्ये 302 दिसतंय. 17 नावं बदलून झाली, क्यूआर नव्याने काढतोय.