नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात बोली एकावरच अडते, काय चुकतंय?

अमळनेरचा_भाचा
राम राम मंडळी. आजोबांचं भांडीमोडीचं दुकान होतं. तिथं साठलेली जुनी नाणी मी फेसबुकच्या ग्रुपवर लिलावाला लावतो. व्हिक्टोरिया राणीचा १८६२चा रुपया टाकला की एक जण सुरुवातीची बोली लावतो आणि गाडी तिथंच अडते. तसाच रुपया दुसऱ्या कुणी टाकला की दुप्पट भाव. मी तर चिंच-मीठ लावून लखलखीत करून फोटो काढतो. सुरुवात १ रुपयापासून करू का? एक मित्र म्हणतो, दुसऱ्या नावानं मी बोली वाढवतो. चालेल का?

तापीकाठचे_नाना (भुसावळ)
भाचा, आधी चिंच बंद कर. आजच. जुन्या चांदीवर चढलेली काळपट झाक जाणकाराला हवी असते. ती खरवडलीस की नाण्याचा भाव अर्ध्याखाली येतो आणि पुन्हा वर जात नाही.

आता मूळ गोष्ट. लिलावात भाव दुसऱ्या क्रमांकाचं गिऱ्हाईक ठरवतं. एखाद्यानं मनात तीन हजार धरले असले तरी समोर कुणी नसेल तर तो पाचशेतच घेऊन जाणार. ईबे या लिलावाच्या साइटवरही हेच. आपली कमाल बोली आत लपलेली राहते आणि भाव दुसऱ्याच्या जरासा वर जाऊन थांबतो. म्हणून मी प्रत्येक बाबतीत एवढंच बघतो, की दुसरं गिऱ्हाईक कशानं पळालं?

तुझा रुपयाच घे. त्यावर साल १८६२, पण तोच साल ठेवून तो १८७४ पर्यंत पाडत होते. मागच्या बाजूचे ठिपके मोजून लोक प्रकार ओळखतात, काही प्रकार दुर्मिळ आहेत. तुझ्या फोटोत ट्यूबलाइटची चमक आणि बोटांची सावली, ठिपके कुठं दिसणार? ज्याला ते दिसले नाहीत, तो बोली न लावता पुढं गेला. बाजार समितीच्या हर्रासात व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर दादर ज्वारी काढतो, दाणा चावून बघतो. इथं त्याला हात घालता येत नाही, म्हणून दोन्ही बाजू, कड आणि वजनकाट्यावरचा आकडा दाखव. पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. झिजलेला असेल तर तेही लिहून टाक, झाकू नकोस. ओरखडा पार्सल उघडल्यावर दिसला तर ते गिऱ्हाईक तर जातंच, ग्रुपमधले बाकीचेही सावध होतात.

मित्राचं म्हणशील तर ती फसवणूक आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. ग्रुपात तीच तीच नावं वर चढताना दिसली की खरे घेणारे गुपचूप निघून जातात. मोठ्या साइटवर तर खातंच बंद होतं.

धुळ्याची_वैशू
नाना, १ रुपयाबद्दल मी सांगते. ग्रुपात दहा-वीस जण खरे बोली लावणारे असतील तरच १ रुपया. नाहीतर चांदीच्या मोडीचा भाव धरून सुरुवात ठेवावी. १९३९ पर्यंतच्या रुपयात साधारण ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून निम्मी, आणि १९४७चा रुपया निकेलचा. एवढं तरी पाठ पाहिजे हं भाऊ.

टपालखर्चही आधीच लिहावा. जिंकल्यावर वाढीव आकडा सांगितला की माणूस पैसे देत नाही. आणि पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात नाणी साठवू नका, हिरवट चिकट थर चढतो.

यावलकर
दोन धोके. १०० वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवू नका. १९७२च्या पुरावशेष कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसानं मोठी बोली लावली तरी नाहीच म्हणा. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन किंवा कर मागणारा फोन आला तर ठेवून द्या. बँकेनं २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकायचा नसतो, हेही घरातल्या सगळ्यांना सांगा.

अमळनेरचा_भाचा
नाना, तुन्ही गोट खरी शे. मित्राला नाही म्हणून कळवलं. पण चिंच लावलेल्या रुपयांचं काय करू? लिलाव संपायची वेळ कोणती ठेवू?

तापीकाठचे_नाना (भुसावळ)
ते वेगळे काढ आणि मथळ्यातच लिही, ‘साफ केलेला’. जळगावच्या सराफ्यात त्या दिवशीचा चांदीचा भाव विचार, वजनानं मोडीची किंमत काढ आणि तिथून सुरुवात ठेव. काळी झाक असलेले मात्र एकदम टाकू नकोस, एका वेळी एकच. वेळ रविवारी रात्री साडेनऊ ठेव, तेव्हा लोक जेवून मोबाइल घेऊन बसलेले असतात. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं वाढतील, हा नियम आधीच लिहून ठेव. पुढचा रुपया टाकण्याआधी फोटो इथं टाक, ठिपके मी मोजून देतो.